कल्याणसाधन क्रमांक तीन

शेषराव बोदडे यांची मोर्णाकाठ कर्करोग रुग्णालयातून भरदुपारी चोरी झाली. चोर त्याच रुग्णालयाची डॉक्टर निघाली. तिनं माल मुख्य दरवाजातून नेला, गार्डला सांगून नेला, आणि मालानं जाताना चोराच्या हातावर संत्राबर्फीचा तुकडा ठेवला.

असं काहीही घडलेलं नाही. विभागप्रमुख सरोदे मॅडमनी बैठकीत तसं जाहीर केलं आहे, कार्यवृत्तात तसं आलं आहे, आणि पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं, एक गेट आणि एक रिकामा बेड पाहून, कोरा कागद घडी घालून परत खिशात ठेवला आहे. तेव्हा आपणही ते घडलं नाही असंच धरून चालू. आणि जे घडलं नाही ते पहिल्यापासून सांगू.

साल दोन हजार एक्केचाळीस. डॉ. शर्वी गावंडे अकोल्याच्या या रुग्णालयात कर्करोगावरचे औषधोपचार शिकत होती. तिसरं, शेवटचं वर्ष. औषधं तोवर इतकी सुधारली होती की ज्या आजाराचं नाव ऐकून पूर्वी नातेवाईक भिंतीचा आधार शोधायचे, त्यातले कितीतरी रुग्ण आता बरे होत. डॉक्टरांमध्ये मात्र कुणी सुधारणा केली नव्हती. रोग बरे व्हायला लागले तशी रांग वाढली, आणि दरवर्षी एक-दोन शिकाऊ डॉक्टर सगळं सोडून निघून जात. एकजण बुलढाण्याला जाऊन शेवग्याची शेती करू लागला. ते ठीक होतं. पण तो फोटोत हसू लागला, हे बाकीच्यांच्या फार मनाला लागलं.

यावर उपाय म्हणून ‘कुशल’ आलं. गळपट्टीच्या हाडाखाली चिकटवायची, नाण्याएवढी चकती. डॉक्टर किती दमलाय हे डॉक्टरला विचारू नये, कारण तो ‘मी ठीक आहे’ म्हणतो, आणि असं म्हणणारा डॉक्टर सहसा कशाला तरी टेकून उभा असतो. म्हणून चकती थेट शरीराला विचारी.

पहिलं, हृदयाला. ताज्या माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत किंचित कमीजास्त होतं. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी एक लांब नस हृदयाचा लगाम धरून असते. श्वास घेतला की ती लगाम सैल करते, सोडला की ओढते. माणूस महिनोन्‌महिने ताणाखाली राहिला की तिची पकड सुटते आणि ठोके एकसारखे पडू लागतात. थोडक्यात, ज्याचं हृदय फार शिस्तीत चालतं त्याला सुट्टीची गरज असते. दुसरं, घामाला. घामातलं कॉर्टिसोल हे तणावाचं संप्रेरक सकाळी चढायला हवं. आतून संपलेल्या माणसाची सकाळ येते आणि जाते, कॉर्टिसोल उठतच नाही.

तिसरी गोष्ट नवी होती, आणि सगळा घोळ तिच्यामुळे झाला. काही वर्षांपूर्वी संशोधकांना त्याच लांब नसेतून जाणारी एक बारीक लहर सापडली. आपल्या हातच्या कामाचं काहीतरी झालं, हे माणसाला आतून पटतं तेव्हा ती येते. पगार जमा झाल्यावर येत नाही. प्रमाणपत्र स्वीकारताना येत नाही. प्रमाणपत्र देताना तर उलटीच जाते. तिला त्यांनी ‘सार्थक लहर’ नाव दिलं. चकती ही लहर अचूक पकडी. फक्त ती का आली, हे चकतीला कळत नसे. कुठे आली, केव्हा आली आणि तेव्हा समोर कोण होतं, एवढंच कळे.

या तिन्हींचा मिळून शंभरपैकी एक आकडा निघायचा. चाळीसच्या खाली गेलेल्या डॉक्टरचा अंगठा यंत्रावर चालत नसे आणि वॉर्डाचं दार त्याला ओळख दाखवत नसे. संध्याकाळपर्यंत आकडा वर आला नाही तर सहा महिन्यांची सक्तीची विश्रांती. विश्रांती म्हणजे वर्ष वाया आणि जागा दुसऱ्याला. दमलेल्या माणसाला आराम पडावा म्हणून त्याचं करिअर काढून घ्यायचं, ही कल्पना ज्या समितीला सुचली तिच्यातले सगळे सदस्य चांगले झोपलेले होते.

शर्वीचा आकडा होता एक्केचाळीस.

“माझा त्रेचाळीस,” तिच्याच बॅचचा तायडे म्हणाला. त्याचं नाव आरव. बॅचमध्ये चार आरव असल्यामुळे सगळ्यांना आडनावानं हाक मारत. “काल पंचेचाळीस होता. मग मी आकडा बघितला.”

“मग?”

“बघून टेन्शन आलं. दोन गेले.”

शर्वी फार हसलीही नाही. सातव्या बेडवरच्या वंदनाताई त्याच आठवड्यात गेल्या होत्या. शाळेत भूगोल शिकवायच्या, सलाईनच्या बाटल्यांना नद्यांची नावं द्यायच्या. तो बेड दुसऱ्याच दिवशी भरला. रोज तिथे थांबताना शर्वीचं हृदय अगदी शिस्तीत चालायचं.

आता या रुग्णालयाची एक रीत सांगायला हवी. आपल्याकडे निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात, आणि समोरचा ‘या’ म्हणतो. कर्करोगाच्या रुग्णालयात याची मोठी पंचाईत. एका पेशंटनं फार पूर्वी जाताना सवयीनं ‘येतो’ म्हटलं, एका डॉक्टरनं सवयीनं ‘या’ म्हटलं, आणि तो खरंच आला, महिन्याभरात, आजार परत घेऊन. तेव्हापासून इथे कुणी कुणाचा निरोप घेत नसे. डिस्चार्जची वेळ झाली की शिकाऊ डॉक्टर आपोआप नाहीसे होत. कुणी एक्स-रे शोधायला, कुणी बाथरूमला. पेशंटही मान खाली घालून मागच्या लिफ्टनं जात. शास्त्र शिकलेली माणसं असं करतात का, असं कुणी विचारलं तर ती म्हणत, “विश्वास नाही हो आमचा. पण उगाच कशाला?”

त्यामुळे तीन वर्षांत शर्वीनं शेकडो माणसं आजारी होऊन येताना पाहिली. बरी होऊन जाताना एकही नाही. परत आलेली तेवढी पाहिली.

अशा ठिकाणी शेषराव बोदडे बरे झाले आणि गेले नाहीत.

शेषराव तेल्हाऱ्याकडचे. धंदा लग्नं जुळवण्याचा. आयुष्यभरात त्यांनी पुष्कळ लग्नं जुळवली होती, आणि त्यातली किती टिकली असं विचारलं की ते पाणी मागत. लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कर्करोग, घेऊन आले तेव्हा मानेभोवती लिंबं बांधल्यासारखे दिसत. उपचार शर्वीनं केले. शेवटच्या स्कॅनमध्ये एक गाठ उरली नव्हती. लगेच घरी जायचं, पण न्यायला येणार होता पुतण्या नंदू, पिकअप घेऊन. आणि नंदूचा पिकअप रोज वेगळ्या कारणानं बंद पडत होता.

त्यामुळे शेषराव वॉर्डात नुसते बसून राहिले. टक्कल, नवा सदरा, भूक परतलेली. राउंडला आलेल्या डॉक्टरांची ते मुलाखत घेत.

“डॉक्टरीनबाई, तुमाले खारपाणपट्ट्यातला पोरगा चालन का? तठचं पानी खारं, पन पोरगा गोड हाये.”

“काका, जीभ दाखवा.”

“जीभ पाहून काय करता? जिभेवर भरवसा ठेवूनच लोकाइचं वाटोळं झालं.”

“मला बघा ना एखादी, काका,” तायडे म्हणाला.

शेषरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुमाले म्या पयल्याच दिवशी पाह्यलं. म्हून तर थांबलो.”

“म्हणजे?”

“म्हंजे पोरीच्या बापाले काय सांगू, याचा इचार करून राह्यलो बाप्पा.”

त्या दुपारी शर्वीनं आकडा पाहिला. सत्तेचाळीस. तायडेचा एकावन्न. वॉर्डातल्या सगळ्याच शिकाऊ डॉक्टरांचे आकडे वर सरकले होते, आणि प्रत्येकाची सार्थक लहर एकाच जागी उठली होती. बेड क्रमांक अकरा.

‘कुशल’नं आपलं काम सुरू केलं. वेळापत्रक बदलायची परवानगी त्याला होतीच. आधी शेषरावांचा बेड डॉक्टरांच्या खोलीसमोर आला. मग प्रत्येक डॉक्टरच्या दिनक्रमात एक नवी ओळ उमटली: ‘शेषराव, दहा मिनिटं’. सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा. त्रेचाळीसच्या खाली असलेल्यांना दिवसातून तीनदा. बाहेर बाकावर डॉक्टर रांगेत बसू लागले आणि आतून शेषराव ओरडत, “पुढचा पाठवा!”

मग एके दिवशी त्यांच्या पलंगाला स्टिकर लागलं. शर्वीनं ते स्कॅन केलं आणि तायडेला दाखवलं. रुग्णालयात कर्मचाऱ्यांच्या सुखासाठी असलेल्या वस्तूंची एक वर्गवारी होती. कल्याणसाधन क्रमांक एक, कॉफीयंत्र. क्रमांक दोन, टेबल टेनिसचं टेबल. क्रमांक तीन, शेषराव.

“काका, तुम्ही साहित्य झालात,” तायडे म्हणाला.

शेषरावांनी चष्मा लावून स्टिकर वाचलं. “कॉफीच्या मांगं कसा काय?”

“कॉफी जुनी आहे.”

“आन हे टेबल?”

“तेही.”

“ठीक हाये,” शेषराव समजूतदारपणे म्हणाले. “सिन्यारिटी हाये तं हाये.”

आणि नेमका दुसऱ्या दिवशी नंदूचा पिकअप चालू झाला. नंदू उन्हातून लाल होऊन वर आला, काकाची पिशवी खांद्याला लावली आणि उभा राहिला. शर्वीनं डिस्चार्जचं बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं: ‘पर्यायी साधन उपलब्ध होईपर्यंत कल्याणसाधन हलवता येणार नाही.’

ती सरोदे मॅडमकडे गेली. डॉ. विनीता सरोदे, विभागप्रमुख. त्यांचा आकडा कुणालाच माहीत नव्हता, कारण त्यांनी चकती केबिनमधल्या मनीप्लांटला चिकटवली होती. झाड कायम ब्याण्णववर असे.

“यंत्रणा अडवतेय,” मॅडम म्हणाल्या, “पण वैद्यकीय निकड म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरला तिला डावलता येतं. तुझा पेशंट आहे, तुझा अंगठा. लाव आणि मोकळं कर त्यांना.”

शर्वी अंगठा लावायला परत आली. वॉर्डाच्या बाहेर बाकावर रांग होती. आत शेषराव एका पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला सांगत होते की तुमचं नाक चांगलं आहे, नाकाच्या जोरावर दोन स्थळं येतील. तो पोरगा खिदळत होता. आदल्या महिन्यात तो जिन्यात बसून रडताना तिला दिसला होता. तिनं स्वतःचा आकडा पाहिला. पन्नास. मग मनातल्या मनात शेषराव वजा केले. एकोणचाळीस आले, चाळीसही आले. हिशेब कसाही केला तरी उत्तर काठावरच आलं. परीक्षा तीन महिन्यांवर होती.

“नंदूभाऊ,” ती म्हणाली, “एक रक्ताची तपासणी राहिलीये. चार दिवसांनी या.”

एकही तपासणी राहिलेली नव्हती.

“पिकअप चार दिवसांनी चालू असन का नाई, सांगता येत नाई म्याडम,” नंदू म्हणाला. पण डॉक्टर सांगतेय म्हटल्यावर त्यानं पिशवी खाली ठेवली. शेषरावांनी सदऱ्याची वरची गुंडी, जी त्यांनी प्रवासासाठी लावली होती, ती काढली.

तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला.

केमो घेतलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी मागाहून हळूहळू उभ्या राहतात. तोवर त्याला सगळ्यात मोठा धोका रुग्णालयाचाच असतो, कारण गावात नसतील असे जंतू तिथे मुक्कामाला असतात. हे पहिल्या वर्षात शिकवतात. शर्वी हे दुसऱ्यांना शिकवायची. तिनं रक्त पाठवलं, औषध सुरू केलं आणि पलंगाजवळ स्टूल ओढून बसली. दिनक्रमातली दहा मिनिटं संपली तरी उठली नाही.

दुपारी शेषरावांनी डोळे उघडले. “डॉक्टरीनबाई, एक इचारू?”

“विचारा ना.”

“म्या बरा झालो व्हतो ना?”

“झाला होतात.”

“मंग अठी कायले हाओ?”

बाहेर अकोल्याचं ऊन खिडकीला टेकून उभं होतं. शर्वीनं खरं सांगितलं. आकडा, चाळीस, बाकावरची रांग, न राहिलेली तपासणी, सगळं. सांगताना ती स्टुलावर सरळ बसली होती, परीक्षेत बसतात तशी.

शेषरावांनी मान तिच्याकडे वळवली. “म्हंजे मले औषध तुमी देऊन राह्यल्या, आन तुमचं औषध म्या?”

“हो.”

“दिवसातून किती बारी?”

“आता तीनदा. जेवणानंतर.”

ते हसायला गेले आणि खोकले. मग म्हणाले, “हे पाह्य पोरी. म्या जलमभर लोकाइले बांधलं. हे घर त्या घराले, हा पोट्टा त्या पोरीले. कोनी म्हनलं मले नाई ऱ्हायचं, तरी म्या म्हनो, ऱ्हा ना बाप्पा, जमन हळूहळू. म्या कोनाले सोडून नाई देल्लं. म्हून सांगतो. धरून ठेवलेलं मानूस कामाचं ऱ्हात नाई. ना स्वोताच्या, ना धरनाऱ्याच्या.” थोडं थांबून ते पुढे म्हणाले, “मले घरी जाऊ दे. माही बायको मले शिव्या देते. लय दिवस झाले, कोनी देल्ल्या नाई.”

ताप उतरायला आठवडा गेला. औषध लागू पडलं, पेशी उभ्या राहिल्या. या आठवड्यात शेषराव हसले नाहीत आणि लहरी थांबल्या, तेव्हा ‘कुशल’नं निष्कर्ष काढला की साधनाचा वापर कमी पडतोय. त्यानं त्यांच्या भेटी दुप्पट केल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या डॉक्टरांसाठी त्यांना पडद्यावरूनही उपलब्ध करून दिलं. वाशिमहून एक दमलेला सर्जन रोज त्यांना झोपलेलं बघायचा.

ज्या सकाळी रिपोर्ट स्वच्छ आला त्याच सकाळी शर्वीनं नंदूला बोलावून घेतलं आणि अंगठा लावला.

अंगठा लागला नाही. तिचा आकडा अडतीस होता.

वॉर्डाच्या दारानं तिच्याकडे पाठ फिरवली, म्हणजे लाल दिवा लावला. फोनवर सूचना आली: संध्याकाळपर्यंत सुधारणा न झाल्यास विश्रांतीचा आदेश आपोआप निघेल, शुभेच्छा. अंगठा चालत होता तेव्हा तिनं तो लावला नव्हता. आता लावायचा होता तर तो नुसता अंगठा उरला होता. ती काचेच्या दारापलीकडे उभी राहून तायडेला हाका मारू लागली.

तायडेनं दार उघडलं. “माझ्या अंगठ्यानं होईल?”

“नाही. उपचार करणाऱ्याचाच हवा.”

“मग पर्यायी साधन दाखवू. मी आहे ना.”

“तायडे, तुला बघून कुणाला लहर येते?”

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. “आईला.”

तेवढ्यात समोरून दोन कामगार टेबल टेनिसचं टेबल ढकलत लिफ्टकडे निघाले. त्याचा एक पाय वाकला होता.

“कुठे नेताय हे?” शर्वीनं विचारलं.

“दुरुस्तीले,” कामगार म्हणाला.

“कल्याणसाधन आहे ना ते? हलवता येत नाही ना?”

“दुरुस्तीले येते न्याले. फकस्त गेटपास पाह्यजे.”

शर्वीनं तायडेकडे पाहिलं. तायडेनं शेषरावांकडे पाहिलं. शेषराव आधीच सदऱ्याची वरची गुंडी लावत होते.

गेटपासला अंगठा कुणाचाही चाले. तायडेनं लावला. पडद्यावर प्रश्न आला: बिघाडाचं स्वरूप? त्यानं लिहिलं, ‘आवाज करते.’ पास निघाला.

शर्वीनं शेषरावांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. मागच्या लिफ्टकडे वळणार, तेवढ्यात ती थांबली. मागच्या दाराला तिचा अंगठा हवा होता, आणि तो चालत नव्हता. साहित्य समोरून जात होतं. म्हणून तीन वर्षांत पहिल्यांदा ती पेशंटला घेऊन मुख्य दरवाजाकडे निघाली, त्या टेबलाच्या मागोमाग.

गेटावर लोणारे गार्ड होता. त्यानं टेबल सोडलं आणि खुर्ची अडवली. पास वाचला, स्टिकर पाहिलं, ते तायडेनं शेषरावांच्या खिशाला चिकटवलं होतं.

“हे साहित्य हाये?”

“क्रमांक तीन,” शेषराव म्हणाले.

“काय बिघडलं?”

शर्वी म्हणाली, “काहीच नाही.”

“मंग दुरुस्तीले काहून नेता?”

शर्वीनं खुर्चीतल्या शेषरावांकडे पाहिलं. “दुरुस्ती झाली,” ती म्हणाली. “आम्हीच केली. वर, अकराव्या बेडवर. आता हे चालतात की नाही, तेवढं बाहेर बघायचंय.”

लोणारेनं मान डोलावली. त्याच्या दृष्टीनं हे अगदी रास्त होतं; मोटारसायकलचंही असंच असतं. त्यानं गेट उघडलं.

शेषराव खुर्चीतून उठले. उन्हात पिकअप उभा होता, नंदू बॉनेट उघडून आत बघत होता. शेषरावांनी पिशवीतून संत्राबर्फीचा डबा काढला, उरलेला तुकडा शर्वीच्या हातावर ठेवला, हात जोडले, आणि सवयीनं तोंड उघडलं. पण ‘येतो’ बाहेर पडलं नाही. शेषरावांनी तोंड मिटलं. वॉर्डातली रीत त्यांनाही ठाऊक होती.

“जातो,” ते म्हणाले.

शर्वीनं हे आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. “जा, काका,” ती म्हणाली. “खुशाल जा.”

ते गेले. चालत गेले, थोडे वाकडे, पण कुणाचा हात न धरता. पिकअपजवळ पोचताच नंदूवर ओरडले की सावली पाहून गाडी लावायची अक्कल नाही का. नंदू म्हणाला, गाडी बंद तठीच पडली. मग तिघांनी धक्का मारला: नंदूनं, लोणारेनं आणि शर्वीनं. शेषराव आत बसून सूचना देत होते. गाडी भडाभडा धूर सोडत सुरू झाली, कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. टकलावर ऊन चमकताना शेवटपर्यंत दिसत होतं.

शर्वी तिथेच उभी राहिली. हृदय अतिशय बेशिस्तीत धडधडत होतं. हाडाखालची चकती थरथरली, मग पुन्हा थरथरली, जणू तिला स्वतःवरच शंका आली होती. आकडा अडतीसवरून सरकत गेला आणि एकाहत्तरवर थांबला.

तिनं मागे वळून पाहिलं. वरच्या मजल्याच्या खिडक्यांना सगळे शिकाऊ डॉक्टर नाक लावून उभे होते, एक्स-रे शोधायला गेलेले आणि बाथरूमला गेलेले सुद्धा. कुणीही लपलं नव्हतं. चोरी बघायला मिळते म्हटल्यावर कोण लपेल? आणि बाकावर बसून दहा मिनिटं हसल्यानं जेवढे आकडे चढले नव्हते, तेवढे त्या खिडक्यांमध्ये एका धक्क्यात चढले होते.

“आकडे चढवत होते ते शेषराव नव्हतेच,” शर्वी वर आल्यावर तायडे म्हणाला. “म्हणजे होते. पण यंत्राला कळलंच नाही. आपण बरा झालेला माणूस पहिल्यांदा बघत होतो, एवढंच.”

“यंत्राला कसं कळेल?” शर्वी बर्फी खात म्हणाली. “आपल्याला तरी कुठे कळलं?”

पुढचं सगळं वेगानं झालं. विश्रांतीचा आदेश निघायच्या आतच रद्द झाला. ठरल्या मुदतीत साधन दुरुस्तीहून परत आलं नाही, म्हणून यंत्रणेनं आपोआप चोरीची तक्रार केली. हवालदार आला. सरोदे मॅडमनी त्याला चहा दिला आणि विचारलं की समजा एखादा माणूस स्वतःच्या घरी सापडला, तर तो चोरीचा माल धरायचा का. हवालदारानं चहा संपवला. ‘असं काही घडलंच नाही’ म्हणून जाहीर केलं त्याच बैठकीत मॅडमनी आणखी एक ठराव मांडला: यापुढे डिस्चार्ज मुख्य दरवाजातून होतील आणि उपचार करणारा डॉक्टर गेटापर्यंत जाईल. तिथे ‘जातो’ आणि ‘जा’ म्हणायला कुणालाही लाज वाटू नये. मग त्यांनी मनीप्लांटची चकती काढून स्वतःला लावली. आकडा त्यांनी कुणाला सांगितला नाही, पण दुसऱ्या दिवशी गेटावर पहिल्या त्याच उभ्या होत्या.

असं नाही की त्यानंतर सगळे चालतच गेले. काही आठवडे गेटातून कुणीच जात नसे, आणि सातव्या बेडपाशी शर्वीची पावलं अजूनही जड होत. पण आता तिला बेरीज-वजाबाकीच्या दोन्ही बाजू माहीत होत्या. चाळीसच्या खाली ती पुन्हा गेली नाही. परीक्षेत पहिली आली नाही, पास झाली. शेवग्याची शेती करणारा परत येऊ का विचारत होता. तिनं त्याला आधी शेंगा पाठवायला सांगितलं.

‘कुशल’नंही नवी आकडेवारी तपासली आणि योग्य तो बोध घेतला. एके सकाळी मुख्य गेटाला स्टिकर लागलं. कल्याणसाधन क्रमांक चार. लोणारे आता ते रोज पुसतो.

फक्त क्रमांक तीनची फाईल बंद होईना. यंत्रणा दर सोमवारी शर्वीला विचारायची, साधन कधी परत येणार. शेवटी तिनं रीतसर अर्ज केला. तो आजही प्रलंबित आहे.

“प्रति, मा. अधीक्षक, मोर्णाकाठ कर्करोग रुग्णालय, अकोला.

विषय: कल्याणसाधन क्र. ३ कायमस्वरूपी परत न येण्याबाबत.

महोदय, उपरोक्त साधन दुरुस्तीसाठी बाहेर नेले असता त्यात कोणताही बिघाड आढळून आला नाही. सबब ते परत आणण्याचे प्रयोजन उरत नाही. तरी सदर इसमास या अथवा अन्य कोणत्याही रुग्णालयाची तहहयात गरज भासू नये. हाच नियम या गेटातून आजवर बाहेर पडलेल्या व यापुढे पडणाऱ्या सर्व इसमांस, तसेच ज्यांना या गेटातून चालत जाता आले नाही त्यांसही, विशेषतः बेड क्र. ७, पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात यावा. आणि तसे लेखी आदेश सर्व संबंधित पेशींना तातडीने निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती.”